घागऱ्यासाठी जागा

वाल्फ्रिडनी "गाईन एक गाणं, एकच" असं म्हटलं तेव्हा ताइमी त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी ओतत होती, आणि तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उगाच फार आनंद दाखवावा आणि म्हाताऱ्याने शब्द मागे घ्यावा, हे तिला परवडणारं नव्हतं. तिने बापापुढे कप ठेवला, साखर ठेवली, वेलचीचा गोड पाव कापून ठेवला, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पोटभर रडून घेतलं.

रडण्यासारखंच होतं ते. कोइवुलाहतीच्या नाट्यगृहात काआले लोकांवर नाटक बसत होतं. म्हणजे ताइमीच्या लोकांवर, जे फिनलंडच्या रस्त्यांवरून पिढ्यान् पिढ्या घोडे विकत फिरले आणि ज्यांच्यावर रात्रीचा आसरा मागताना निम्म्या दारांवर कुत्री सोडली गेली, अशा लोकांवर. नाट्यगृहाने आता मनावर घेतलं होतं की आपलं दार सगळ्यांना उघडं हवं, आणि त्यासाठी ताइमीला कामावर ठेवलं होतं. आपल्या माणसांना समजवायचं, त्यांना तालमीला आणायचं, नटांना चार गोष्टी सांगायच्या, असं तिचं काम. नाटकाच्या शेवटी एका वडीलधाऱ्याने मंचावर उभं राहून जुनं गाणं म्हणायचं होतं. जुनी, लांबवलेली, रस्त्यावरची गाणी अजून गळ्यात असलेला गावात एकच माणूस उरला होता, आणि तो ताइमीचा बाप होता. शिवाय त्याच्या फुप्फुसांचं काही खरं नव्हतं. डॉक्टर तोंडदेखलं बोलत, पण पुढच्या वर्षीचं कोणी बोलत नव्हतं.

आणि वाल्फ्रिडनी घराबाहेर गाणं कधीच सोडून दिलं होतं. त्यालाही हेच नाट्यगृह कारण होतं.

ताइमीचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. वाल्फ्रिडनी एक चांगला शर्यतीचा घोडा विकला होता आणि खुशीत येऊन नाताळच्या खेळाची दोन तिकिटं काढली होती. बायको ओल्गा नवीन मखमलीचा घागरा घालून निघाली. दारावरच्या माणसाने तिकिटं बघितली, घागरा बघितला, आणि म्हणाला, घागऱ्यासाठी इथे जागा नाही, खुर्च्या माणसांच्या मापाच्या आहेत. रांगेतले लोक हसले. दोघं बर्फातून चालत घरी आली. वाल्फ्रिडनी ही गोष्ट आयुष्यात कधी उच्चारली नाही. ओल्गानेच पुढे लेकीला सांगितली, तीही हसत हसत, जणू दुसऱ्याच कुणाची असावी तशी. ओल्गा गेली ती त्या नाट्यगृहाची पायरी न चढताच.

ही गोष्ट ताइमीने एकदा तुइयाला सांगितली. तुइया नाट्यगृहाची प्रमुख. खोटं कशाला बोला, बाई चांगली होती. या गोष्टीत कोणी वाईट असतं तर किती सोपं झालं असतं! तुइया ऐकता ऐकता रडली, ताइमीचे हात धरले, आणि म्हणाली, "ज्या घागऱ्याला आम्ही जागा दिली नाही ना, त्याच घागऱ्यांनी मी माझं दालन भरून टाकीन." ताइमीला केवढं बरं वाटलं होतं तेव्हा. भरून टाकीन म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

आता इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. काआले बाईचा घागरा म्हणजे काळ्या मखमलीचं ओझंच. मुलगी मोठी झाली की एकदा ठरवते आणि घालते, मग मरेपर्यंत उतरवत नाही. पण त्या कपड्याबद्दल वडीलधाऱ्यांसमोर ब्र काढायचा नाही, त्यातून पुरुषांसमोर तर नाहीच नाही. तो वेगळा धुवायचा, वेगळा वाळवायचा, जेवणाच्या टेबलाच्या वर कधी जाऊ द्यायचा नाही, आणि कुणाच्या डोक्यावर तर जन्मात यायला नको. बाप खालच्या मजल्यावर राहत असेल तर लेक वरच्या मजल्यावर घर घेत नाही, नगरपालिकेने चावी हातात ठेवली तरी घेत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. कोणी शिकवतही नाही, कारण शिकवायचं तर बोलावं लागेल.

वाल्फ्रिडनी होकार दिल्यावर तुइयाने त्यांना बैठकीलाच बोलावलं. म्हणाली, आजवर आम्ही तुमच्याबद्दल आपसात ठरवत आलो, यापुढे तुम्हाला विचारल्याशिवाय इथलं पान हलणार नाही. वाल्फ्रिडना टेबलाच्या मुख्य जागी बसवलं. कप कुठेही, खुर्चीवर वगैरे, टेकवला की म्हातारे त्यातून पीत नाहीत, हे ताइमीने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांच्यासाठी कोरा कप थेट कपाटातून आला. वाल्फ्रिडनी ते बघितलं आणि लेकीकडे एक नजर टाकली. ताइमीला वाटलं, जिंकलं आपण.

मग येरे उठला. येरे म्हणजे नेपथ्य करणारा, उंच, हसरा, कामाचा वेडा. त्याने दालनाचा पुठ्ठ्याचा नमुना केला होता, त्याच्यावरचं फडकं काढलं. दारातून आत शिरलं की थेट जिन्यापर्यंत छताला दोरे, आणि दोऱ्यांना काळ्या मखमलीचे इवलेइवले घागरे. खाली बोटाएवढी पुठ्ठ्याची माणसं. येरे सांगत होता की लोक खालून चालत जातील, मान वर करतील तर नुसती मखमल, ज्यांना आपण दारातून हाकललं त्यांना आता डोक्यावर घेणार आहोत. टेबलाभोवतीचे सगळे वाकून वाकून बघत होते.

ताइमीने बापाकडे बघितलं नाही. बघणार कशी? वाल्फ्रिड खिडकीबाहेर तळ्याकडे बघत होते, तिथे बर्फाशिवाय काही नव्हतं, तरी बघत होते. तिला एक वाक्य बोलायचं होतं, अगदी साधं, पण त्या वाक्यात तो शब्द येत होता आणि तिच्या समोर बाप बसला होता. एकटी असती तर कदाचित, नाक धरून औषध घेतात तसं, बोलून टाकलं असतं. बापाला इतक्या मानाने तिथे बसवलं होतं आणि त्या मानानेच तिचं तोंड शिवलं गेलं होतं. आणि म्हाताऱ्याचं काय? लेकीसमोर ते तरी काय बोलणार?

तुइयाने विचारलं, "वाल्फ्रिड, तुम्हाला कसं वाटतं?"

"मेहनत घेतलीय पोराने," वाल्फ्रिड म्हणाले.

"ताइमी, तुला?"

"छान आहे," ताइमी म्हणाली. "बघू या."

बापलेक दोघंही मूग गिळून बसली, आणि टेबलाभोवतीच्या भल्या माणसांनी ती संमती धरली. त्यांच्यात गप्प बसणं म्हणजे हरकत नाही. यांच्यात गप्प बसणं म्हणजे काय काय असू शकतं, हे त्यांना कोण सांगणार?

परतताना गाडी पुलाशी आल्यावर वाल्फ्रिड म्हणाले, "पोरी, तिथलं सगळं तू बघतेस ना?"

"बघते, बाबा."

"मग झालं," ते म्हणाले, आणि घोड्यांच्या गोष्टी काढल्या.

ताइमीला कळायचं ते कळलं. बापाने तिच्यावर सोपवलं होतं. ते न बोलता निस्तरणं आता तिचं काम होतं. ती येरेकडे गेली. तो नेपथ्याच्या कार्यशाळेत होता, सोबत दोन सुतार, दोघेही बाप्ये. तिने जिभेवर आलेलं गिळलं आणि दुसरंच बोलली. घागरे वर टांगू नकोस, खाली लाकडी चौकटींवर लाव, म्हणाली. वर नीट दिसणार नाहीत, कशिदा जवळून दिसायला हवा. येरे आधी कुरकुरला, मग चौकटींची कल्पना त्यालाच आवडली. त्याच दिवशी त्याने सुतारांना मापं दिली. ताइमीला वाटलं, झालं बिनबोभाट काम. बापाला तिने इतकंच सांगितलं की मी बघितलं सगळं. त्यांनी मान डोलावली. एवढ्या वर्षांत बापाने तिला काही एक काम सांगावं आणि तिने ते तडीस न्यावं, असं पहिल्यांदाच होत होतं. काये लोकांत नोकरी करते म्हणून, म्हणजे बाहेरच्या फिन लोकांत, तिच्याबद्दल घरात पुटपुटणारे कमी नव्हते. वाल्फ्रिडनी त्यांना कधी साथ दिली नव्हती, पण गप्पही केलं नव्हतं. आता करतील, असं तिला वाटत होतं.

शिवणखात्याला नमुन्यासाठी एक खरा घागरा हवा होता. ताइमीने आपला दिला, पहिला, ती मोठी झाली तेव्हाचा. तो आईने शिवला होता. काठ दुमडताना काळा दोरा संपला आणि रात्र झाली, दुकानं बंद, म्हणून ओल्गाने आतला काठ जांभळ्या दोऱ्याने शिवून टाकला होता. आतूनच तर आहे, कोण बघणार, असं म्हणाली होती. तो जांभळा टाका घरात सगळ्यांना ठाऊक होता, कारण वाल्फ्रिडच तेव्हा दुकानं धुंडाळत फिरले होते आणि हात हलवत परत आले होते. त्यांनी दोरा म्हणून विचारलं होतं, कशासाठी ते नव्हतं विचारलं.

पहिल्या खेळाच्या दिवशी दुपारी अग्निशमनवाला दालन तपासायला आला. त्याने चौकटी बघितल्या आणि मान हलवली. या अशा वाटेत उभ्या असतील तर आग लागल्यावर माणसं बाहेर कशी पडणार? या हलवल्याशिवाय आज दार उघडायचं नाही. येरेने वर बघितलं, छताला आकडे जुन्या बेतापासून तसेच होते. चौकटी काढल्या, घागरे वर चढवले, नव्या शिवलेल्यांच्या मधोमध खरा घागरा टांगला, कारण त्याच्याएवढी जुनी मखमल दुसरी नव्हती. ताइमीला विचारावं असं त्याच्या मनात आलंही होतं, त्याने नंतर शपथेवर सांगितलं. पण ती बापाला आणायला गेली होती, फोन लागेना, आणि शेवटी तिने म्हटलं होतं ते दिसण्याबद्दल. दिसण्यासाठी का कोणी खेळ रद्द करतं? बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं खपत नाही, ते हे असं.

वाल्फ्रिड तयार होऊन बसले होते. पांढरा शर्ट, काळा सूट, हॅट, दाढी गुळगुळीत. गाडीत ते मधाच्या गोळ्या चघळत होते आणि मधूनच गळ्यातल्या गळ्यात सूर लावून बघत होते. चौकातल्या दिव्याशी गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "तुझ्या आईला आवडलं असतं." आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं. त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव काढत नाहीत, आणि तेव्हाही त्यांनी नाव काढलं नाहीच. ताइमीला पुढचा रस्ता धूसर दिसायला लागला.

नाट्यगृहाच्या पायऱ्यांखाली, ओल्या बर्फात, काआले म्हातारे आणि त्यांची कुटुंबं घोळक्याने उभी होती. बापाच्या मानासाठी थांबलेत, असं ताइमीला वाटलं. तिने हात केला. कुणी हात केला नाही. सेल्मा आत्या, वाल्फ्रिडची धाकटी बहीण, तिच्याकडे बघत होती आणि काहीतरी खुणावत होती, पण तोवर वरून तुइया दोन्ही हात पसरून खाली आली आणि वाल्फ्रिडना घेऊन दाराशी गेली. दार दोन्ही बाजूंनी सताड उघडं होतं.

वाल्फ्रिडनी हॅट काढली आणि उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं.

आत दिव्यांचा लखलखाट होता. लोक हातात पेले घेऊन मान वर करून उभे होते, आणि ते कशाकडे बघत आहेत म्हणून वाल्फ्रिडनीही मान वर केली. ताइमीने त्यांच्या मागून वर बघितलं. बरोबर डोक्यावर, खालून बघितल्यामुळे आतला काठ दिसत होता, आणि काठाला जांभळा टाका होता.

वाल्फ्रिडनी मान खाली घातली. हॅट डोक्यावर परत ठेवली. पाऊल मागे घेतलं. "छाती जड झालीय," ते तुइयाला अगदी अदबीने म्हणाले. "मी जरा हवेवर बसतो. तुम्ही सुरू करा." आणि पायऱ्या उतरून, घोळक्यातल्या कुणाकडेही न बघता, गाडीकडे चालायला लागले. घोळक्याने त्यांना वाट करून दिली आणि मग तोही एकेक करत पांगला.

तुइया घाबरली. पाणी, खुर्ची, डॉक्टर. काय झालं, ताइमी, काय झालं? येरे बाजूलाच उभा होता, दारात चार पुरुष होते, पायऱ्यांवर अजून दोघं म्हातारे होते. "त्यांना बरं नाही," ताइमी म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि धावली.

खेळ थांबला नाही. थांबवायचा कशासाठी? शेवटी गाण्याच्या जागी तालमीसाठी त्यांच्या घरी भरून घेतलेला वाल्फ्रिडचा आवाज लावला. आणि तुइया चांगली बाई ना, तिने ज्यांना आत जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी दारावर स्पीकर लावून ठेवला होता. त्यामुळे ते गाणं गाड्यांच्या तळापर्यंत आलं. वाल्फ्रिड पुढच्या सीटवर ताठ बसले होते आणि त्यांचाच आवाज बाहेरून येत होता. बर्फातल्या रस्त्याचं गाणं होतं ते, दूरवर एका घरात दिवा दिसतो आणि घोडं आपणहून तिकडे वळतं, त्या दिव्याचं. आत लोक उभे राहिले असावेत, टाळ्या थांबत नव्हत्या.

ताइमी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. "बाबा," ती म्हणाली, "ते मी..."

"हीटर लाव," वाल्फ्रिड म्हणाले. "गारठा आहे."

तिने हीटर लावला. ते मी टांगलं नाही, एवढंच सांगायचं होतं तिला. पण काय टांगलं नाही, हे न सांगता ते सांगता येत नव्हतं.

त्या हिवाळ्यात वाल्फ्रिड लेकीशी कधी कठोर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ती यायची, ते कॉफी घ्यायचे, आभार मानायचे. पाहुणीचे मानतात तसे. आधी ते तिला चिडवायचे, तुझी कॉफी म्हणजे घोड्याला पाजायच्या लायकीची, म्हणायचे. आता कॉफी नेहमी चांगली होती. बाजारात ओळखीच्या बायका तिला बघून भाजीत मान घालायच्या. कानावर यायचं ते असं, की ताइमीने नोकरीसाठी बापाच्या डोक्यावर स्वतःचा... आणि पुढे कुणी बोलायचं नाही.

ती आत्याकडे गेली. सगळं सांगितलं, बाईला बाई सांगू शकते. चौकटी, सुतार, अग्निशमनवाला, सगळं. सेल्मा आत्या ऐकून घेऊन डोळे पुसत म्हणाली, "मला पटलं गं. पण मी त्याची धाकटी बहीण. मी कुठल्या तोंडाने त्याच्यासमोर हा विषय काढू? हे एक तुझी आई सांगू शकली असती." बायको नवऱ्याला सांगते, बाकी कुणी सांगू शकत नाही, आणि बायको तर कधीच मातीत गेली होती.

येरेने घागरा परत आणून दिला, स्वच्छ पिशवीत, वर फुलं ठेवून. ताइमीने तो आत्याच्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, शेगडीत जाळला. मखमल लवकर पेटत नाही. आईचा जांभळा टाका जळेपर्यंत ती तिथे बसली. मग कामावर रजा टाकली आणि फोन बंद केला.

बर्फ वितळायच्या आधी वाल्फ्रिड इस्पितळात गेले आणि तिथून आले नाहीत. शेवटच्या दिवसांत ताइमी त्यांच्या उशाशी असायची. खोलीत तिघं पुरुष रुग्ण. एकदा त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे फार वेळ बघितलं आणि ओठ हलवले. तिने कान जवळ नेला. "थकलीस," ते म्हणाले. दुसरं काही नाही.

दफन झाल्यावर आत्या तिला आपल्या घरी घेऊन गेली आणि कपाटातून एक गठ्ठा काढून तिच्या मांडीवर ठेवला. काळी मखमल होती, जाड, भारी, एका घागऱ्यापुरती. नाताळच्या आधीच त्याने आणून ठेवायला सांगितलं होतं, आत्या म्हणाली. म्हणाला, पोरीला थंडी वाजते, तिच्यासाठी काहीतरी जाडसं कापड घेऊन ठेव, मी गेल्यावर दे. "मी विचारलं, किती घेऊ? तर म्हणाला, ते तुला कळेल."

ताइमीने मखमलीत तोंड खुपसलं आणि हंबरडा फोडला. बापाने तिला माफ केलं होतं. नाताळच्या आधीच केलं होतं, आणि ती अख्खा हिवाळा समोर बसून कॉफी ओतत होती. पण माफ करण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं, हे त्यांना कळलं होतं का? की पोर चुकली, चुकू दे, थंडीत कुडकुडते आहे, एवढंच? हे आता कोणी सांगणार नव्हतं. मखमलीला विचारून काय कळणार!

उन्हाळ्यात तुइयाने निरोपावर निरोप पाठवले, तेव्हा ताइमी नाट्यगृहात गेली. नवा घागरा घालून गेली. दालन रिकामं होतं, घागरे कधीच उतरवले होते. बैठकीच्या टेबलाभोवती तीच माणसं होती, येरे होता, मुख्य जागेची खुर्ची मोकळी ठेवली होती. तुइया म्हणाली की नवा हंगाम वाल्फ्रिडच्या आवाजाने सुरू करावा, दालनाला त्यांचं नाव द्यावं, असं सगळ्यांच्या मनात आहे. ताइमी म्हणाली, आमच्यात गेलेल्याचा आवाज लावत नाहीत, नाव भिंतीवर लिहीत नाहीत. तुइयाने ते लगेच मान्य केलं. मग भीतभीत तिने विचारलं की त्या संध्याकाळी खरं काय झालं होतं. लोक काहीबाही बोलतात, आम्हाला कळत नाही.

आणि ताइमीने सांगितलं. घागरा म्हणाली. कमरेखालचा कपडा म्हणाली. डोक्यावर येऊ देत नाहीत म्हणाली, का येऊ देत नाहीत तेही म्हणाली. पुरुषांसमोर, येरेच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द. तिचा आवाज हलला नाही. येरेने चेहरा हातांत लपवला.

"अगं, पण तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" तुइया रडत म्हणाली. "एका शब्दाने सांगितलं असतंस तरी..."

ताइमीने मोकळ्या खुर्चीकडे बघितलं.

"तिथे बाबा बसले होते ना," ती म्हणाली. "आता कोणी नाही."